ट्रकला शिंगं काढण्याआधी

प्रिय मावशी,
मी नववीत आहे. आमच्याकडे 'हवेची गुणवत्ता' या विषयावर विद्यार्थ्यांची स्पर्धा आहे. चित्र, नाटुकलं, गोष्ट, व्हिडिओ, मॉडेल, काहीही चालेल. गट जास्तीत जास्त तिघांचा, सोबत दीडशे शब्दांचं टिपण, आणि हातात पाच आठवडे. माझ्या दोन मैत्रिणींनी पोस्टर ठरवूनसुद्धा टाकलं: मधोमध मास्क लावून रडणारी पृथ्वी आणि तिच्या अंगावर धूर ओकत येणारा, शिंगं आणि सुळे असलेला ट्रक. माझे बाबा ट्रक चालवतात. मैत्रिणींना ते माहीत आहे, पण त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी काहीच बोलले नाही. घरी येऊन रडले. शिवाय दुसऱ्या एका गटाने हवा मोजायचं यंत्र आणलंय, आमच्याकडे काहीच नाही. मी गट सोडू का? की गप्प बसून पोस्टर रंगवू? आणि बाबांचा ट्रक खरंच इतका वाईट आहे का?
— नाव नको

'नाव नको' बाईसाहेब,

सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न तू सगळ्यात शेवटी लिहिलास. बहुतेक पत्रांत असंच असतं. मी तिथूनच सुरू करते.

हो, डिझेलचा धूर वाईट असतो. तुला बरं वाटावं म्हणून मी हे गुळमुळीत करून सांगणार नाही, कारण उद्या तू स्वतः वाचशीलच आणि मग माझ्यावरचा विश्वास उडेल. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी संस्था आहे. तिने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत टाकला. त्यामागचे महत्त्वाचे पुरावे कुठून आले? जमिनीखालच्या खाणींत डिझेलच्या यंत्रांजवळ वर्षानुवर्षं राबलेल्या कामगारांच्या अभ्यासातून. रेल्वेच्या आणि ट्रक वाहतुकीतल्या कामगारांचेही अभ्यास त्यात होते.

म्हणजे बघ, धुराचं माप ज्यांच्या पदरात सगळ्यात जास्त पडतं, ती माणसं इंजिनाच्या शेजारीच बसलेली असतात. मैत्रिणींच्या पोस्टरवरच्या ट्रकला शिंगं आहेत, सुळे आहेत. त्याच्या खिडकीत माणूस काढलाय का?

आता घाबरून जाऊ नकोस. त्या यादीचा अर्थ 'पुरावा पक्का आहे' एवढाच होतो. धोका किती मोठा, हे ती यादी सांगत नाही. तो किती धूर, किती वर्षं आणि किती बंदिस्त जागेत, यावर ठरतो. खाणीतला बोगदा आणि उघडा रस्ता यांत पुष्कळ फरक आहे. आणि कृपा करून ही माहिती आज रात्री बाबा जेवत असताना त्यांच्या ताटात वाढू नकोस. थकून आलेल्या माणसाला 'तुमच्या धंद्याने तुम्हालाच आजार होईल' असं सांगायची एक वेळ असते आणि एक पद्धत असते. ती कशी ते पुढे सांगते, कारण मला वाटतं तुझा प्रकल्पसुद्धा तिथेच आहे.

त्याआधी खलनायकाविषयी थोडं. हवा बिघडली की कुणाच्या तरी डोक्यावर शिंगं बसवायची, ही सवय फार जुनी. १६६१ साली जॉन एव्हलिन नावाच्या गृहस्थाने लंडनच्या धुराविषयी एक पुस्तिका लिहून थेट राजाला अर्पण केली. धुराचं वर्णन त्याने झकास केलंय. पण दोष कुणाला दिला? चुनाभट्टीवाले, मद्य गाळणारे, साबण उकळणारे, रंगारी. यांना शहराबाहेर काढा आणि शहराभोवती सुवासिक झाडं लावा, हा त्याचा उपाय. घरोघरच्या चुली त्याने जवळजवळ निर्दोष सोडल्या. पुढे १९५२च्या डिसेंबरात, ५ ते ९ तारखेच्या दरम्यान, त्याच शहरावर असं काही धुरकं बसलं की दिवसाढवळ्या पुढचं दिसेना. सुरुवातीच्या मोजणीत सुमारे ४,००० माणसं दगावल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा १२,०००पर्यंत नेला. कोळसा जाळणारी वीजकेंद्रं त्यात होती, कारखाने होते, आणि लाखो घरांतल्या कोळशाच्या शेगड्याही होत्या. १९५६ साली कायदा आला तेव्हा त्याला घरातल्या धुराड्यांनाही हात घालावा लागला.

मैत्रिणींना हे ऐकव. भांडायला म्हणून नव्हे. त्या ट्रकमध्ये काय असतं, हा प्रश्न त्यांना विचार. तुमच्या वह्या, बूट, औषधं, घराला लागणारं सिमेंट, सगळं कुणाच्या तरी ट्रकमधूनच आलेलं असतं. ट्रक धूर सोडतो हे खरं, आणि तो आपल्यासाठी सोडतो हेही खरं. दोन्ही वाक्यं एका पोस्टरवर मावत नाहीत, आणि रडणाऱ्या पृथ्वीची खरी अडचण तीच आहे.

तर, गट सोडू नकोस. निदान इतक्यात नाही. मैत्रिणींनी मुद्दाम केलेलं नाही हे तूच लिहिलं आहेस. दोघींना एकत्र गाठण्यापेक्षा आधी त्यातली जी तुझ्या जास्त जवळची आहे तिला एकटीला सांग. 'त्या ट्रकमुळे मला वाईट वाटलं, कारण तो बघून मला बाबाच दिसले,' एवढंच. पुढे स्पष्टीकरण नको. 'तुम्हाला काहीच कळत नाही' वगैरे तर अजिबात नको. खऱ्या मैत्रिणी असतील तर त्या क्षणभर ओशाळतील आणि मग विचारतील, 'मग काय करूया?' या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर तयार पाहिजे. ते नसलं तर तिघी मिळून पुन्हा त्या पृथ्वीकडेच वळाल, कारण ती काढायला सोपी आहे.

मी अशा स्पर्धांचं परीक्षण बऱ्याचदा केलं आहे, म्हणून घरातलं गुपित फोडते. मास्क लावलेली पृथ्वी ढिगाने येते. तिच्या डोळ्यांत पाणी, शेजारी अर्धं झाड हिरवं आणि अर्धं वाळलेलं, खाली 'झाडे लावा'. पाचव्या पृथ्वीनंतर परीक्षक चहा मागवतो. चित्रं वाईट नसतात, काही तर फार सुंदर रंगवलेली असतात. पण काढणाऱ्याने हवेकडे पाहिलंय, असं त्यांत कुठेही दिसत नाही. आणि झाडांचं म्हणशील तर झाडं जरूर लावावीत, सावलीसाठी, पक्ष्यांसाठी, आनंदासाठी. पण हवेतले बारीक कण झाडांनी फारसे कमी होत नाहीत, आणि दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर दाट झाडोरा असला तर गाड्यांचा धूर उलट खालीच कोंडू शकतो. टिपणात 'झाडे लावा' लिहिण्याआधी हे डोक्यात असू दे.

मग हवेकडे पाहायचं कसं? ती दिसत नाही, हीच तर गंमत आहे. दुपारी खिडकी लोटून घे आणि फटीतून कवडसा आत येऊ दे. त्यात नाचणारे कण बघ. ते तुला रोज दिसतात, पण आज विचार कर: ते कण खोलीभर आहेत, दिसतात मात्र फक्त प्रकाशाच्या पट्ट्यात. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने प्रकाशाचा झोत असाच हवेतून सोडून तिच्यातली धूळ तपासली होती. आता दुसरी गोष्ट: जे कण तुला कवडशात एकेक असे मोजता येतात, ते मोठे. पीएम २.५ म्हणतात ते अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या भागाएवढे. मोठी धूळ नाकात, घशात अडते; हे बारीक कण फुप्फुसाच्या पार तळापर्यंत जातात, आणि त्यांतले अगदी बारीक रक्तातही उतरतात. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण तर एका मायक्रोमीटरहूनही बारीक. म्हणजे जे दिसतं ते तुलनेने कमी घातक आणि जे घातक ते दिसत नाही. यावर एखादं चित्र, एखादी गोष्ट सुचते का बघ.

आणि त्या दुसऱ्या गटाचं यंत्र! त्याची धास्ती घेऊ नकोस. त्या छोट्या डबीत एक बारकासा पंखा हवा ओढतो, आत लेझरचा किरण असतो, आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश एक डोळा टिपतो. थोडक्यात, डबीतला कवडसाच तो. चांगली वस्तू आहे, पण तिच्या खोडी आहेत. हवा दमट झाली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाचच चढतो. धुक्यात तर पाण्याच्या थेंबांनाच ती धूळ समजते. उलट साधारण ०.३ मायक्रोमीटरहून बारीक कण तिला नीट दिसतच नाहीत, त्यामुळे ताज्या धुरातल्या बारीक काजळीचा बराच भाग तिच्या नजरेतून सुटतो. हे ठाऊक नसताना आकडे जमवले तर ते नुसते आकडेच राहतात. त्या गटाशी बोल, जमलं तर एक दिवस यंत्र मागून घे. स्पर्धा आहे, वैर नाही.

तुमच्याकडे यंत्र नाही तर साधी कार्डं करा. पांढऱ्या जाड कागदाचे सारखे तुकडे, त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी तेवढाच वेळ टांगायची. नंतर भिंगातून ठरावीक चौकोनातले ठिपके मोजायचे. यात दोन गोष्टी बहुतेक मुलं विसरतात. एक, तसंच व्हॅसलीन लावलेलं एक कार्ड बंद डब्यात ठेवायचं. त्यावरही ठिपके आले तर ते तुमच्या हाताचे किंवा कागदाचेच, हवेचे नाहीत. दुसरी, या कार्डावर चिकटते ती जाड धूळ, पीएम २.५ नव्हे. हे टिपणात स्वतःहून लिहा. मला एका मुलाचा प्रकल्प आठवतो. त्याच्या सहापैकी चार कार्डांवर मुंग्याच चिकटल्या होत्या. पठ्ठ्याने मुंग्यांची संख्यासुद्धा तक्त्यात भरली होती. त्याला बक्षीस मिळालं नाही, पण त्या वर्षीचं मला दुसरं काहीही आठवत नाही.

झाडांच्या खोडांवर आणि दगडांवर वाढणारं दगडफूल हाही एक पर्याय. विल्यम नायलँडर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ साली पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांवरून हवेचा अंदाज बांधता येतो असं मांडलं होतं. गंधकाच्या धुराने त्याच्या अनेक जाती मरतात. पण दगडफूल फार सावकाश वाढतं, त्यामुळे ते कित्येक वर्षांची हकिकत सांगतं, कालच्या दिवसाची नाही. पाच आठवड्यांत जाती ओळखायला शिकणं अवघड आहे. आवड असेल तर नंतर कधीतरी.

आता मला खरं वाटतं ते सांगते. तुमच्या गटाकडे एक गोष्ट आहे जी यंत्रवाल्यांकडे नाही: रोज शेकडो किलोमीटर हवा नाकाने मोजणारा माणूस. बाबांना विचार, ते गाडीची काच कुठे वर करतात आणि कुठे खाली घेतात. एवढा एकच प्रश्न. 'प्रदूषणाबद्दल तुमचं मत काय?' असं विचारलंस तर ते दोन वाक्यं बोलून टीव्ही लावतील. काचेचं विचारलंस तर सांगत सुटतील. कुठल्या चढावर पुढच्या गाडीचा धूर तोंडावर येतो, कुठल्या वळणावर कचरा जळतो, माल उतरवायला रांगेत इंजिन चालू ठेवून किती वेळ थांबावं लागतं, पहाटे खालच्या भागात डोळे का चुरचुरतात. शेवटच्या प्रश्नाचं कारण तू त्यांना सांगू शकतेस: स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार पडते, वर चढत नाही, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा धूर खालीच साठतो. ऊन तापलं की झाकण निघतं. गाड्या तेवढ्याच, धूर तेवढाच, पण पहाटे तो जास्त नाकात जातो.

यातून एक लांबलचक कागदी पट्टी करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बाबांची एक फेरी. मधोमध रस्ता, वरच्या बाजूला 'काच वर', खालच्या बाजूला 'काच खाली'. जिथे काच वर झाली तिथे कारण, बाबांच्याच शब्दांत, त्यांच्या शिव्या वगळून. रस्त्यालगत कुठे सरकारी हवा-मापन केंद्र असेल तर त्याचे तासातासाचे आकडे सहसा सगळ्यांना बघायला खुले असतात; त्या वेळेचा आकडा तिथे चिकटवा. बाबांचं नाक आणि केंद्राचा आकडा कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत? न जुळलेल्या जागा पुसू नका, त्याच मला सगळ्यात आधी बघायला आवडतील. चित्रकार मैत्रिणीला पट्टी रंगवू दे, तिचा हात चांगला असणारच, नाहीतर एवढे सुळे तिने काढले नसते. दुसरीने कार्डं सांभाळावीत: एक बाबांच्या गाडीत आत, एक घराच्या खिडकीत, एक वर्गात, एक डब्यात.

काही पथ्यं पाळा. बाबांनी गाडी चालवताना काहीही लिहायचं नाही, फोनवर बोलायचं नाही. थांब्यावर थांबले की आठवून सांगायचं. त्यांचा आवाज किंवा फोटो वापरणार असाल तर आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. गाडीचा नंबर, मालकाचं किंवा कंपनीचं नाव कुठेही येऊ देऊ नका. त्यांची नोकरी आहे ती.

आकड्यांबद्दल एकच सावधगिरी. हवेचा निर्देशांक आणि हवेतल्या कणांचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निर्देशांक १५० म्हणजे घनमीटरमध्ये १५० मायक्रोग्रॅम नव्हे; निरनिराळ्या प्रदूषकांसाठी वेगळे गुण काढतात आणि त्यांतला सगळ्यात वाईट तो त्या दिवसाचा निर्देशांक. बऱ्याच देशांची मोजपट्टीही वेगळी असते, म्हणून दोन देशांचे निर्देशांक शेजारी ठेवून 'आम्ही बरे' म्हणता येत नाही. तुलना करायचीच तर मायक्रोग्रॅममध्ये करा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पीएम २.५साठी सुचवलेली मर्यादा वर्षाच्या सरासरीला ५ आणि चोवीस तासांच्या सरासरीला १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. केंद्राचा एका तासाचा आकडा घेऊन तो वर्षाच्या मर्यादेशी ताडायचा नाही. ही चूक मोठी माणसंही करतात.

आणि ती कठीण गोष्ट, बाबांना सांगायची. पट्टी करता करता ती आपोआप निघेल. काच वर केली तरी बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू असेल तर पुढच्या गाडीचा धूर आत येतोच, हे त्यांना दाखव. आतली हवा आतच फिरवण्याची सोय गाडीत असेल तर धुराच्या टापूत ती वापरल्याने कण कमी येतात, पण तासन्‌तास तशीच ठेवली तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून डोकं जड होतं, झोप येते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर काच खाली. रांगेत उभं असताना शक्य तेव्हा इंजिन बंद. यातलं निम्मं त्यांना आधीच माहीत असेल आणि ते तुलाच चार गोष्टी शिकवतील. शिकवू दे. मग 'हे मी का विचारते' हे तू त्यांना सांगितलंस तर ते मुलीची काळजी म्हणून ऐकतील, आरोप म्हणून नाही.

बक्षीस मिळेल का, हे तू विचारलं नाहीस, पण यंत्राच्या उल्लेखात ते दडलंय. सांगता येत नाही. कधीकधी परीक्षकांना चकाकणारं मॉडेलच आवडतं, मी अशा मंडळींशी वादही घातले आहेत. तुमच्या दीडशे शब्दांत काय केलं, कुठे फसलं आणि काय कळलं एवढंच लिहा. पहिलं वाक्य 'आजच्या आधुनिक युगात' असं असेल तर ते खोडा.

पाच आठवडे म्हणजे बाबांच्या किती फेऱ्या होतात ते आधी विचारून घे. निदान तीन तरी नोंदवायला मिळाल्या पाहिजेत, त्यातली एक रात्रीची. आणि व्हॅसलीन अगदी पातळ लाव. जाड थर उन्हात वितळून खाली ओघळतो आणि बाबांच्या गाडीतल्या डॅशबोर्डवरचा डाग मग तुलाच पुसावा लागेल.

— तुझी मावशी